ढोलकीवाल्याचे नाव काय?

सध्या पॉडकास्टचे दिवस आहेत. एक मोबाईल, दोन माईक आणि एक शांत खोली एवढ्या भांडवलावर आपल्या वस्त्यांमधील मुले मुलाखती घेऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. आपले म्हणणे मांडण्यासाठी बाबासाहेबांना १९२० साली 'मूकनायक' काढावे लागले, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढावे लागले. त्या समाजाच्या नातवंडांच्या हाती आज खिशात मावेल असे साधन आले आहे आणि त्यासाठी कुणा संपादकाची परवानगी लागत नाही. परंतु या मुलाखती कुणाच्या होतात, हे एकदा तपासून पाहावे. पुढारी येतात, निवृत्त अधिकारी येतात, प्राध्यापक येतात, गायक-गायिका येतात. गायकाच्या शेजारी मांडीवर ढोलकी घेऊन बसलेला माणूस मात्र येत नाही. बँजोवाला येत नाही, ऑक्टोपॅडवाला येत नाही, खंजिरीवाला तर कुणाच्या ध्यानातही नसतो. ज्यांच्या ठेक्यावर बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी चालत गेला, त्यांना आपण अजून 'साथीदार' एवढ्या एका शब्दात गुंडाळून ठेवले आहे.

ही उणीव भरून काढावी म्हणून वस्तीतील तीन-चार शिकत्या मुलांना सोबत घेऊन आम्ही भिवंडीत काही वादकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. त्यातून जे हाती आले ते वाचकांसमोर ठेवतो.

मागावरचे हात, ढोलकीवरचे हात

भिवंडीच का, असे कुणी विचारील. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांतले विणकाम मोठ्या प्रमाणात भिवंडीच्या मागांवर आले. उत्तर प्रदेशातील अन्सारी विणकर, तेलंगणातील पद्मशाली विणकर आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भातून पोट भरायला आलेले आपले लोक एकाच खटखटाटात राबले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी या गावाला जखमा केल्या, तरी संगीताची देवाणघेवाण थांबली नाही. आपल्या भीमगीतांच्या कार्यक्रमात सवाल-जवाबाचा मुकाबला आला, टाळ्यांचा कोरस आला, तो कव्वालीच्या मंचावरून आला. प्रल्हाद शिंदे यांच्या गायकीत कव्वालीचे वळण स्पष्ट ऐकू येते. ज्या गावात उरूस आणि जयंती दोन्ही गाजतात, तेथील ढोलकवाल्याला दोन्हीकडचा ठेका यावाच लागतो.

आम्हाला भेटलेले बहुतेक वादक दुसरे काहीतरी करून जगलेले आहेत. कुणी माग चालवला, कुणी कांड्या भरल्या, कुणी सफाई खात्यात झाडू मारला. अलीकडची मुले मानकोली-काल्हेरकडच्या गोदामांत माल चढवतात-उतरवतात. नोटाबंदी (२०१६), जीएसटी (२०१७) आणि विजेचे वाढते दर यांमुळे अनेक माग भंगारात गेले, त्यांच्याबरोबर पाळीचे कामही गेले. वादकाचा हंगाम १४ एप्रिलच्या आसपास सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमा ओलांडून जूनच्या पावसापर्यंत चालतो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत लग्न, हळदी, वरात, गणपती, नवरात्र, जे मिळेल ते. धम्म स्वीकारलेला माणूस गणपतीसमोर ढोल का वाजवतो, असा प्रश्न विचारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्या महिन्यात त्याच्या घरी चूल कशी पेटते, हे विचारणारे फार थोडे आहेत.

एका वृद्ध ढोलकीवाल्यांनी बारा-बारा तासांच्या पाळीत चार-चार माग सांभाळले. मागाच्या आवाजाने त्यांचा एक कान अधू झाला. आमच्यातील मुलाने विचारले, "काका, मग सूर कसा ऐकता?" ते म्हणाले, "ढोलकी कानाने लावायची, पण ताल मांडीला कळतो. मांडीवर थरथर येते ना, तिच्यावर चालतो मी." कोणत्याही संगीत विद्यालयात हे शिकवले जात नसेल. हे ज्ञान त्या माणसाबरोबर जगते आणि त्याच्याबरोबरच जाते.

कॅसेटच्या कागदावर नसलेला माणूस

१९८० आणि १९९० च्या दशकात कॅसेटचे युग होते. टेपरेकॉर्डर झोपडीपर्यंत पोहोचला आणि भीमगीतांची कॅसेट घरोघर वाजू लागली. कॅसेटच्या आतल्या कागदावर गायकाचे नाव असे, बहुधा कवीचे नि संगीतकाराचे असे, कंपनीचा पत्ता तर ठळक असे. ढोलकी कुणी वाजवली? बँजो कुणाचा? ते बहुधा छापलेले नसे.

आम्ही ज्यांच्याशी बोललो, त्यांतील दोघांनी स्टुडिओत काम केलेले आहे. त्यांचे सांगणे असे की, एका शिफ्टमध्ये आठ-दहा गाणी काढली जात. तालीम स्टुडिओच्या पायरीवर होई. शिफ्टचे ठरलेले पैसे हातात पडत. सही घेतली तर एका व्हाऊचरवर, नाहीतर तीही नाही. पुढे ती कॅसेट किती खपली, तिची सीडी निघाली का, आज ती इंटरनेटवर कुणाच्या नावाने वाजते, यातले काहीही वादकापर्यंत पोहोचत नाही. आम्ही मोबाईलवर असेच एक जुने गाणे लावले. काकांनी हात वर करून थांबवले आणि म्हणाले, "पुन्हा लाव. हे बघ, दुसऱ्या अंतऱ्याआधी माझा हात घसरलाय. मी म्हणालो होतो पुन्हा घेऊ. शिफ्ट संपत आली होती, तसंच ठेवलं." तीस-पस्तीस वर्षे आपला समाज ज्या गाण्यावर नाचला, त्यात या माणसाची ओळख पटवणारी एकच खूण शिल्लक आहे, ती म्हणजे त्याच्या घसरलेल्या हाताची.

यांची नावे आम्ही येथे देत नाही, कारण त्यांनीच तशी विनंती केली. मजुरीविषयी आणि कंपन्यांविषयी बोललो म्हणून मुलाला पुढचे काम मिळणार नाही, ही भीती त्यांच्या मनात आहे. ध्वनिमुद्रणात त्यांनी आपले संपूर्ण नाव, गाव आणि वडिलांचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे. योग्य वेळी ते लोकांसमोर येईल.

ढोलकीचा इतिहास सरळ नाही

वादकाची मुलाखत घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपल्या समाजात वाद्याचा इतिहास अपमानातून आलेला आहे. गावगाड्यात डफ-हलगी मातंगांच्या गळ्यात आणि दवंडी-सांगावा महारांच्या पायात बांधला गेला, तो कला म्हणून नाही, गावकी म्हणून. पाटलाच्या दारी लग्न असो की मयत, वाजवायला जावेच लागे आणि मोबदला म्हणजे शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावरांचे मांस सोडा, लाचारीची कामे सोडा असे सांगितले, १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, तेव्हा त्या हाकेत गावकीचे वाजवणेही आले. कित्येक घरांतील आजोबांनी वाद्य आढ्याला टांगले आणि पुन्हा खाली काढले नाही. तो नकार ही आपली क्रांती होती.

त्याच काळात दुसरी क्रांती झाली. सत्यशोधक जलशाच्या वाटेने आंबेडकरी जलसा उभा राहिला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचा साचा घेतला, गण-गवळण बदलली, देवाच्या स्तुतीच्या जागी समतेचा विचार बसवला आणि त्याच ढोलकी-डफ-तुणतुण्यावर गावोगाव प्रबोधन केले. आपल्या दहा सभा आणि एक जलसा यांचे मोल सारखेच, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कर्डकांनी जलशांचा इतिहास १९७८ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवला म्हणून तो आज आपल्याजवळ आहे. अशी पुस्तके किती? पाटलाच्या हुकमावरून वाजणारे वाद्य माणसाच्या स्वतःच्या इच्छेने वाजू लागले, हा केवढा मोठा पालट! तो ज्या हातांनी घडवला, त्यांतील किती हात आपण नोंदवले?

तामिळनाडूत 'पराई' या वाद्याचेही असेच झाले. सवर्णांच्या मयतापुढे ते वाजवण्याची सक्ती दलितांवर होती. इंग्रजीतील 'परायाह' हा तुच्छतेचा शब्द त्याच वाद्याच्या नावाशी जोडलेल्या जातीनामातून निघाला. आधी लोकांनी ते वाजवण्यास नकार दिला, पुढच्या पिढीने तेच वाद्य मुक्तीची कला म्हणून पुन्हा गळ्यात घातले. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंगम बनवणाऱ्या, मुख्यतः दलित ख्रिस्ती असलेल्या कारागिरांवर 'सेबास्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले. मृदंगमचे कातडे सोलणारा-ताणणारा कोण आणि त्याला सभागृहात जागा का नाही, हा त्याचा विषय. प्रकाशन समारंभासाठी दिलेले सभागृह चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने ऐन वेळी नाकारले. कातडे चालते, त्याचा आवाज चालतो, कातडे ताणणाऱ्याचे नाव चालत नाही!

जगभरचा एकच रिवाज

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ ज्या वादकांनी घडवला, त्यांत गोव्याचे ख्रिस्ती होते, पारशी होते, मुसलमान होते, आपल्या मातीतले ढोलकीवाले होते. पडद्यावर नाव एका संगीतकाराचे. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने मुंबईत राहून या वादकांच्या मुलाखती घेतल्या आणि २००८ साली 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, कावस आणि केर्सी लॉर्ड यांचे काम सामान्य वाचकांपर्यंत गेले. मुंबईच्या वादकाला बोलते करण्यासाठी परदेशातून माणूस यावा लागला, हे आम्हाला खटकते.

अमेरिकेतील काळ्या वादकांची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. १९७२ साली दलित पँथरने ज्यांच्यापासून नाव घेतले, ते हेच बंधू. डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीची शेकडो गाणी 'फंक ब्रदर्स' नावाच्या वादकांनी वाजवली. १९७१ साली मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर प्रथम त्यांची नावे छापली गेली. त्यांचा पहिला ड्रमवादक बेनी बेंजामिन त्याआधीच, १९६९ साली वारला होता. क्लाईड स्टबलफील्ड यांनी जेम्स ब्राऊन यांच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यात वाजवलेला काही सेकंदांचा तुकडा पुढे शेकडो गाण्यांत उचलला गेला, पण त्यांना हक्काचा वाटा मिळाला नाही. २०१७ साली ते गेले. ग्रेगरी कोलमन यांचा १९६९ सालचा सहा सेकंदांचा ठेका जगातील सर्वाधिक वापरल्या गेलेल्या ठेक्यांपैकी एक आहे. त्यातून एक पैसाही न मिळता ते २००६ साली बेघर अवस्थेत मरण पावले.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क स्पष्टपणे मान्य झाला आणि 'कलावंत' या शब्दात वादकाचा समावेश झाला. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाला आपले नाव लावून घेण्याचा नैतिक हक्क दिला आणि व्यापारी वापरातील मानधनाचाही हक्क सांगितला. ही मुदत ५० वर्षांची आहे. परंतु त्याच दुरुस्तीत चित्रपटासाठी एक मेख मारली आहे. ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचे नाव कोठेही दिले जात नाही, तो चित्रपटात 'कलावंत' धरला जाणार नाही. आपली कला विद्रूप करू नका, एवढेच म्हणण्याचा हक्क त्याला उरतो. रिवाज! रिवाज म्हणजे काय, हे आपल्यापेक्षा अधिक कुणाला ठाऊक आहे? आधी रिवाजाने नाव पुसायचे, मग नाव नाही म्हणून हक्क नाही असे म्हणायचे. विहिरीचे पाणीही आपल्याला रिवाजानेच नाकारले होते.

ही अट चित्रपटापुरती आहे. कॅसेट, सीडी, इंटरनेटवरील भीमगीते यांना ती लागू नाही. तेथे प्रश्न पुराव्याचा आहे. अमुक गाण्यावर ढोलकी अमक्याने वाजवली, हे सांगणारा कागदच नाही. म्हणून या मुलाखतींना आम्ही करमणूक मानत नाही. गाण्याचे नाव, स्टुडिओ, साल, सोबतचे वादक आणि मिळालेली रक्कम एवढे वादकाच्या आवाजात तारखेसह नोंदले गेले, तर उद्या एखादा वकील त्याच्यासाठी उभा राहू शकेल.

मुलाखत कशी घ्यावी

पॉडकास्ट करणाऱ्या आपल्या तरुणांना अनुभवाचे चार शब्द सांगतो. खोलीत शिरताच "काका, जरा वाजवून दाखवा" म्हणू नका. आयुष्यभर हुकमावर वाजवलेल्या माणसाला पहिल्यांदा बोलू द्या. एका बँजोवाल्यांनी आम्हाला सांगितले, "पोरांनो, आजवर सगळ्यांनी वाजव म्हटलं. बस आणि बोल, असं कुणी म्हटलं नव्हतं." त्यानंतर ते अडीच तास बोलले.

'आपला आदर्श कोण' असले गुळगुळीत प्रश्न टाळा. कामाचे विचारा. पहिली ढोलकी कुठून आणली, किती रुपयांना? शाई कोण भरतो? पावसाळ्यात पान उतरते तेव्हा काय करता? पहिली बिदागी किती आणि शेवटची किती? सुपारी ठरवणारा किती ठेवून घेतो? हंगामात बोटे फुटतात तेव्हा काय लावता? ऑक्टोपॅड आल्यावर ढोलकवाला, डफवाला, खंजिरीवाला यांचे काय झाले? लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करण्याचा नियम २००० साली आला, रात्रभराचे कार्यक्रम आटोपते झाले, त्याने कमाई किती घटली? अशा प्रश्नांतून इतिहास निघतो.

घरातील बाईला बाहेर ठेवू नका. हंगामात महिना-दीड महिना नवरा बाहेर, परत येतो तेव्हा अर्धी बिदागी उधारीत गेलेली. त्या काळात घर कुणी चालवले? आमच्या एका मुलाखतीत काकूंनी चहा ठेवता ठेवता सांगितलेल्या गोष्टी काकांच्या सांगण्याहून मोलाच्या निघाल्या, तेव्हा आम्ही माईक त्यांच्याकडे वळवला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वर्षानुवर्षे फिरून, स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले नसते, तर आंबेडकरी चळवळीतील स्त्रिया आज कुणाला माहीत असत्या? त्या वेळी मोबाईल नव्हता, पॉडकास्ट नव्हते. आपल्या घरचाच हा धडा गिरवायचा आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मुलाखतीची प्रत त्या घरात द्या. वाद्य वाजवून घेतले असेल तर त्याचे नाव सुरुवातीलाच सांगा. भागाला जाहिरात मिळाली, पैसे आले, तर त्यातील वाटा द्या. आपल्या पॉडकास्टच्या आरंभी कुणाची तरी ढोलकी फुकट वाजते आणि तिच्यावर निर्मात्याचे नाव झळकते, असे होता कामा नये. कंपनीने केले ते शोषण आणि आपण केले ती समाजसेवा, असा न्याय नसतो.

आपल्या घरातील हिशेब

शेवटी चळवळीलाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. २००४ साली मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले, जून महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी शाहीर विठ्ठल उमप नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच कोसळले. या थोर कलावंतांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण वामनदादांसोबत गावोगाव पायपीट करणारे साथीदार कोण? उमपांच्या त्या शेवटच्या गाण्याला ठेका कुणाचा होता? आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? मनुवाद्यांनी आमचा इतिहास पुसला, हे आपण सभेत ओरडून सांगतो. आपल्याच मंचावर तीन फुटांवर बसलेल्या माणसाचे नाव आपल्याला माहीत नसते, ते कुणी पुसले?

जयंतीचा बॅनर पाहा. त्यावर चाळीस फोटो असतात. वर्गणी देणारा बिल्डर असतो, नगरसेवक असतो, त्याचा भाऊ असतो. कार्यक्रम सादर करणाऱ्या पार्टीत गायकाचे एक नाव. वादकांची पाच नावे छापायला शाई किती लागते? डीजेच्या भिंतीसाठी लाखाची वर्गणी उभी राहते आणि ढोलकीवाल्याच्या बिदागीत घासाघीस होते. डीजे जुनीच गाणी वाजवतो. त्या गाण्यातली ढोलकी ज्याने वाजवली, तो कदाचित त्याच मिरवणुकीत कडेने चालत असेल, आपलाच ठेका ऐकत, एकाही पैशाचा धनी नसताना.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. येत्या १४ एप्रिलच्या आधी प्रत्येक जयंती समितीने, प्रत्येक बुद्धविहाराने आपल्या वस्तीतील वादकांची यादी करावी. नाव, वय, वाद्य, कुठे वाजवले. वस्तीतील दोन शिकत्या मुलांनी मोबाईल घेऊन प्रत्येकाकडे तासभर बसावे. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती काढाव्यात, एक विहारात ठेवावी, एक त्या घरी द्यावी. बॅनरवर वादकांची नावे छापावीत आणि बिदागी कार्यक्रमाआधी हातात ठेवावी. यासाठी ना निधी लागतो, ना कुणा पुढाऱ्याची तारीख. भिवंडीत ज्यांच्याशी आम्ही बोललो, त्यांतील सर्वांत तरुण वादक तिशीतला आहे, सर्वांत वृद्ध पंच्याहत्तरीपुढचे आहेत आणि आणखी तिघांकडे जायचे राहिले आहे. त्यातील एकजण आजारी आहेत. येत्या रविवारी आधी त्यांच्याकडेच जायचे ठरले आहे.

जयभीम!